घराला कुलूप किती वाजता लावणार?

मुंबईला विमानानं निघालेल्या फुलंब्रीकराला मी हल्ली एकच विचारतो, घराला कुलूप किती वाजता लावणार? तो तिकिटावरची वेळ सांगतो. घोळ तिथंच होतो.

चिकलठाणा ते मुंबई विमान साधारण तासाभरात पोचतं, हे खरं. सरळ रेषेत ते अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रेल्वेनं तेच पावणेचारशेच्या घरात जातं. पण तिकिटावरच्या तासात आपल्या दारापासून विमानतळाच्या दारापर्यंतची वाट धरलेली नसते. एकदा वडिलांना दवाखान्यासाठी नेत होतो. हर्सूलजवळ वाहनं तुंबली. पोचलो तेव्हा विमान उडायला अजून पाऊण तास होता, काउंटर मात्र बंद झालं होतं. वडील बाकावर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. ते बसणं अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

म्हणून हिशेब उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत करा. विमान सकाळी १० चं असेल तर घर पावणेसातला सोडा. सावंगीहून बायपासनं गेलात तर शहराची गर्दी टळते. ८ ला विमानतळ, ११ ला मुंबई, सामान घेऊन बाहेर यायला साडेअकरा, परळला पोचायला साडेबारा-एक. झाले की सहा तास! वंदे भारत संभाजीनगराहून मुंबईला सहा तासांच्या आसपास घेते. घर ते स्टेशन आणि हाताशी ठेवलेला वेळ मिळवला तर साडेसात-आठ. म्हणजे वाचतात दीड-दोन तास. पेशंटला फार वेळ बसवत नसेल तर तेवढ्यासाठी पैसे जरूर मोजा. सकाळची अपॉइंटमेंट असेल तर रात्रीची देवगिरी मला जास्त भरवशाची वाटते.

फ्रान्सनं २०२३ मध्ये, जिथं रेल्वे अडीच तासांच्या आत पोचवते अशा काही मार्गांवरची विमानं बंद केली. कारण प्रदूषणाचं होतं. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून लियॉंला जाणारं विमान त्यातलंच. हे अंतर आपल्या मुंबईपेक्षाही लांब, तरी गाडी दोन तासांत नेते, आणि उतरवते थेट शहरात. आपल्याकडं तशी गाडी येईपर्यंत हा हिशेब आपल्यालाच करावा लागणार.

नवी मुंबईचं विमानतळ आता झालं आहे, तेव्हा तिकिटावर कुठलं विमानतळ आहे ते नीट वाचा. चुकलं तर पुन्हा तास-दीड तासाची धावपळ.

आणि मुलांकडं लंडनला निघालेल्या आईवडिलांसाठी एक. तिकिटावर उतरायची वेळ तिथल्या घड्याळाची असते. ते घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागं साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. नुसती वजाबाकी केली तर प्रवास चार-पाच तासांचा वाटतो. प्रत्यक्षात थेट विमानालाही नऊ-दहा तास लागतात. साखरेची, रक्तदाबाची गोळी असेल तर ती प्रवासात कधी घ्यायची हे आधी डॉक्टरांना विचारा, आणि आपल्या घड्याळाच्या वेळा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून त्यांच्या खिशात ठेवा. मोबाइल तिथं उतरल्यावर आपोआप वेळ बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही.