मोटारसायकलचे ‘फायबर’ फुटले तर

राजदूत आणि येझदीच्या काळी गाडी पडली की पत्रा चेपायचा आणि तो ठोकून सरळ करता येई. आताच्या गाड्यांचे साइड पॅनेल, शेपटीचे कव्हर, दिव्याभोवतीचे कव्हर सारे प्लॅस्टिकचे. दुधाचे कॅन लावलेली गाडी अंगणात कलंडली की ते तडकते आणि गॅरेजवाला सांगतो, ‘‘फायबर गेलं, नवीन टाका.’’

या ‘फायबर’ शब्दानेच घोटाळा केला आहे. नवी मुंबईत नेरुळजवळ सारसोळे हे खाडीकाठचे गाव आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढे शहरासाठी शेतजमिनी गेल्या. खाडी आणि जेट्टी राहिली. अशा गावांत होडीचे फायबर फुटले की काचधाग्याची चटई आणि रेझिन लावून ती पक्की करतात. होडीचे ते खरेच फायबर. मोटारसायकलचे मात्र नावालाच! उरलेले होडीचे रेझिन पॅनेलला फासले तर चार दिवसांत पोपडा निघून हातात येतो.

तेव्हा आधी पॅनेल काढून, धुऊन त्याची आतली बाजू पाहावी. तिथे बारीक अक्षरांत ‘एबीएस’ किंवा ‘पीपी’ असे इंग्रजीत उठवलेले असते. अक्षरे नसतील तर आतून छोटीशी कपची काढून साबणाच्या पाण्यात बुडवावी. तरंगली तर बहुधा पीपी, बुडाली तर बहुधा एबीएस.

दोन्हींत पहिले काम एकच, आणि नेमके तेच लोक विसरतात. तडा जिथे संपतो त्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचे भोक पाडावे. तड्याच्या अणकुचीदार टोकावर सारा ताण येतो. गोल भोकामुळे तो वाटला जातो. भोक न पाडता वरून कितीही चिकटवा, गाडीच्या थरथरीने तडा पुढे सरकणारच.

एबीएस असेल तर काम सोपे. गॅरेजच्या भंगारातून एबीएसचेच तुकडे आणावे, बारीक करून काचेच्या बाटलीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर भिजत ठेवावे. काकवीइतका दाट पाक झाला पाहिजे. तडा आतून पाचरीसारखा खरवडून त्यात हा पाक भरावा, वर तारेची बारीक जाळी ठेवून पुन्हा एक थर द्यावा. निदान एक दिवस हात लावू नये. पाक बाहेरच्या बाजूला सांडला तर रंग गेलाच म्हणून समजा. अ‍ॅसिटोन पेट्रोलसारखेच भडकते. चूल, विडी आणि मुले यांच्यापासून दूर, उघड्यावर काम करावे.

पीपीवर अ‍ॅसिटोन चालत नाही आणि साधा गोंदही धरत नाही. आतल्या बाजूने तारेची जाळी सोल्डरिंगच्या इस्त्रीने तापवून प्लॅस्टिकमध्ये बुडवावी. ते जमत नसेल तर तड्याच्या दोन्ही अंगांना भोके पाडून गोधडीसारखे तारेचे टाके घालावे. दिसायला ओबडधोबड, पण टिकते. हे काम गाडीवर करू नये. पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असते.

पॅनेल परत बसवताना स्क्रूखालचे रबरी बुश तपासावे. ते झिजले किंवा हरवले की स्क्रू प्लॅस्टिकवर घासतो, आणि आपण तो आणखी आवळतो. पुष्कळ तडे पडल्याने नव्हे, या आवळण्यानेच जातात. नवे रबर काही रुपयांत मिळते.

पैसे वाचवण्याची हौस दोन ठिकाणी मात्र आवरावी. पुढच्या प्लॅस्टिकच्या मडगार्डाची बोल्टाची जागाच फुटली असेल तर ते बदलावे. चालत्या गाडीत सुटून चाकात अडकले तर चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जाईल. दुसरे म्हणजे हेल्मेट. तेही पुष्कळदा एबीएसचेच असते, म्हणून उरलेला पाक त्याच्या तड्यात भरू नये. तडकलेले हेल्मेट फोडून टाकावे, म्हणजे घरातले दुसरे कोणी ते डोक्यावर घालणार नाही.