सभेंतून मध्येंच उठून जाणें

शेतकऱ्यांच्या परिषदा, शिबिरें व मेळावे यांचे दिवस आले कीं एक तक्रार दरसाल आमच्या कानीं येते; ती अशी कीं, सभा संपण्यापूर्वींच निम्मा मंडप रिकामा होतो. तक्रार खोटी नाहीं. परंतु ती करणारे बहुधा व्यासपीठावरील गृहस्थ असतात, आणि सर्व दोष ते श्रोत्यांच्या माथीं मारतात, हा न्याय आम्हांस एकांगी वाटतो.

शेतकरी लवकर उठतो त्याचीं कारणें पुष्कळ वेळां खरीं असतात. सायंकाळच्या धारा कोणासाठीं खोळंबत नाहींत. गांवाकडे जाणारी शेवटची एस्. टी. अध्यक्षांच्या समारोपाकरितां थांबत नाहीं. त्याच दिवशीं चारीला पाणी सुटलें असेल, किंवा पंपाच्या विजेची पाळी रात्रीची असेल, तर उभें पीक वाळूं देऊन खुर्चींत बसून राहा, असें कोणता शहाणा सांगेल? अशानें अवश्य जावें. प्रश्न जाण्याचा नसून जाण्याच्या रीतीचा आहे.

ज्यास लवकर निघावयाचें आहे त्यानें चालकांस आधीं सांगावें, कडेची जागा धरावी, आणि एक वक्ता बसून दुसरा उठेपर्यंत जो अवकाश मिळतो त्यांत निघावें. वाक्य अर्ध्यावर असतां दहा जणांचे गुडघे ओलांडीत जाणें, जातां जातां शेजाऱ्यास हाताला धरून उठविणें, आणि मंडपाच्या तोंडाशींच उभें राहून भ्रमणध्वनीवर मोठ्यानें बोलणें, हे तिन्ही प्रकार आम्हीं पाहिले आहेत. त्यांत दुसरा सर्वांत वाईट. एक गेला तर सभेचें कांहीं बिघडत नाहीं. पण एका गांवाहून जीप भरून आलेली मंडळी एका इशाऱ्यासरशीं उठली, म्हणजे राहिलेल्यांसही आपण उगाच बसलों आहों असें वाटूं लागतें.

यांत जें गमावतें तें लहान नाहीं. कपाशीवरील व्याख्यानच घ्या. प्रारंभीं वाण, लागवडीचें अंतर, खतें. तोंवर मंडप भरलेला. शेंदरी बोंडअळीची पाळी येते ती शेवटीं. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटीचें १२० ग्रॅमचें पाकीट येत असे. तें शेताच्या कडेनें पेरावयाचें, म्हणजे अळींत प्रतिकारशक्ति लवकर वाढत नाहीं, हें किती जणांनीं ऐकलें? पुष्कळांनीं तें पाकीट बांधावर फेकून दिलें. फरदड न घेतां पीक वेळेवर काढून टाकावें, ही गोष्टही अशीच शेपटाला सांगितली जाते. सन २०१७ च्या हंगामांत या अळीनें विदर्भ-मराठवाड्यांत केलेली हानि सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. सभेंत बसल्यानें अळी मरते असें आम्ही म्हणत नाहीं. पण फवारतांना नाकातोंडाला काय बांधावें, वारा कोणत्या अंगाचा पाहावा, हें सांगितलें जातें तेव्हां खुर्च्या रिकाम्या असाव्यात, हें बरें नव्हे. भिडस्त शेतकऱ्यास आपली अडचण विचारण्याचा धीरही शेवटींच येतो.

आतां दुसरी बाजू. आपलें भाषण आटोपतांच 'पुढील कार्यक्रम आहे' म्हणून निघणारे पाहुणे, त्यांना मोटारीपर्यंत पोंचविण्यास धांवणारे चालक, आणि प्रश्न न ऐकतांच जाणारे तज्ज्ञ, यांच्याकडूनच श्रोता ही रीत शिकला. दहाची सभा पाहुण्यांसाठीं साडेअकराला सुरू होते, पुढील तास शाल-श्रीफळांत जातो, आणि मग तीन वाजतां माती-परीक्षणावर बोलणाऱ्यास 'दोन मिनिटांत आवरा' अशी चिठ्ठी जाते. ज्याच्या घरचें दुभतें वाट पाहत आहे, त्यानें या वेळेचा हिशेब कोणाकडे मागावा?

आमची सूचना एवढीच कीं, शेतीचा विषय व प्रश्नोत्तरें आधीं घ्यावीं, संपण्याची वेळ पत्रिकेवर छापून ती पाळावी, दोन भाषणांच्या मध्यें अध्यक्षांनीं जाणारांस मोकळीक द्यावी, आणि हारतुरे अगदीं अखेरीस ठेवावे. त्या वेळीं जे उठून जातील त्यांस आम्ही मुळींच दोष देणार नाहीं.