जात्यावरची मराठी

१ मे १९६० रोजी मराठी राज्य झाले ते भाषेच्या नावावर. मग ही भाषा कुणाची? खानदेशात या, म्हणजे कळेल!

१९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या पोराने कविता म्हटल्या आणि तो 'बालकवी' झाला. १९१८ साली, वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी न होता, भादलीजवळ तो आगगाडीखाली गेला. त्याची कविता मात्र छापून राहिली.

त्याच जळगावात आसोद्याची लेक बहिणाबाई चौधरी दळत होती, शेतात राबत होती आणि गात होती. तिला अक्षरओळख नव्हती. लेकाने, कवी सोपानदेवांनी, घरच्यांनी गाणी उतरून घेतली म्हणून ती वाचली. १९५१ साली बाई गेली. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. उतरून घेतली नसती तर? अशा किती बायांची गाणी सरणावर गेली असतील!

२०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव दिले. झाले ते बरेच झाले. पण तिच्या बोलीत बोलणाऱ्या पोराला शाळेत हसतात, त्याचे काय? कमानीवर नाव आणि वर्गात हसू, हे आम्हांला मुळीच मान्य नाही!

आज घरी गेलात की आजीपुढे वही घेऊन बसा. ती म्हणेल तसेच लिहा. शुद्ध करायला जाऊ नका. ती शुद्धच आहे!