जत्रेच्या बाजाराची बाजू कोण मांडणार?

कोरोनाचे निर्बंध महाराष्ट्रात २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, पूर्णपणे उठले. त्याच संध्याकाळी रमजानचा चांद दिसला आणि दोन ईद कोरड्या गेल्यानंतर आमच्या दुकानांत गिऱ्हाईक पुन्हा आले. त्या खुशीत आपण मागचा हिशेब मिटवून टाकला. आमच्या मते ही चूक झाली. साथ पुन्हा येणारच नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ती आली तर काय उघडायचे आणि काय बंद ठेवायचे याची यादी पुन्हा मुंबईतच तयार होईल. मागच्या यादीत जत्रेचा बाजार कोठे होता हे आज तपासले नाही, तर पुढच्या यादीतही तो तेथेच राहील.

उघडण्याचा क्रम

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली. मग टप्प्याटप्प्याने व्यवहार सुरू झाले. ५ ऑक्टोबर २०२० ला हॉटेले आणि बार उघडले. आठवडा बाजारांना १५ ऑक्टोबरपासून परवानगी मिळाली. आमच्या आरोंद्याहून तेरेखोल नदीवरचा पूल ओलांडला की पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. त्या गोव्यात १ नोव्हेंबरला कॅसिनो निम्म्या गिऱ्हाइकांवर सुरू झाले. आमच्या बाजूला ५ नोव्हेंबरला सिनेमागृहे उघडली आणि मंदिर-मशिदींचे दरवाजे १६ नोव्हेंबरला. जुगार आधी, सिनेमा नंतर आणि इबादत सर्वांत शेवटी, हा क्रम दोन्ही किनाऱ्यांनी पाहिला.

दुसऱ्या लाटेत पुन्हा सर्व बंद झाले. २२ ऑक्टोबर २०२१ पासून सिनेमा-नाटकांबरोबर करमणुकीच्या बागांनाही परवानगी मिळाली. पाण्यातील खेळ मात्र वगळले होते. १० जानेवारी २०२२ ला त्या बागा पुन्हा बंद झाल्या आणि फेब्रुवारीत निम्म्या क्षमतेने उघडल्या.

या साऱ्या क्रमात जत्रेचे काय झाले? आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा ६ मार्च २०२१ रोजी केवळ आंगणे कुटुंबीयांपुरती झाली. पाच दिवसांनी महाशिवरात्र आली, तेव्हा कुणकेश्वरलाही नेहमीची जत्रा भरू शकली नाही. सोनुर्लीच्या लोटांगणाच्या जत्रेपासून वैशाखापर्यंत आमच्या जिल्ह्यात गावोगाव जत्रा असतात. त्यांच्यावर बांगडीवाला, खाजेवाला, खेळणीवाला, भांडीवाला, पाळणेवाला आणि आमच्यासारखा कापडवाला वर्ष काढतो. दशावताराच्या मंडळ्यांचे पोटही त्याच रात्रींवर चालते. त्या सर्वांचा हंगाम गेला.

फाटक असलेले आणि फाटक नसलेले

करमणुकीच्या बागा उघडता आल्या याचे कारण साधे आहे. त्यांना फाटक असते, तिकीट असते, आत किती माणसे आहेत हे सांगता येते. शांघायचे डिस्नेलँड ११ मे २०२० ला उघडले, ते क्षमतेच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी माणसे घेऊन. हाँगकाँगचे १८ जूनला उघडले आणि महिना पुरा होण्याआधी पुन्हा बंद करावे लागले. जपानमध्ये तर उंच घसरगाडीत बसणाऱ्यांनी ओरडू नये, असा नियम झाला. आपल्या केंद्र सरकारनेही ऑक्टोबर २०२० मध्ये अशा बागांसाठी नियमावली काढली. पाळण्यांची सफाई, रांगेतील अंतर, पाण्याचे क्लोरीन, वातानुकूलन २४ ते ३० अंशांवर, इथपर्यंत बारकाईने लिहिले. आम्हाला त्याचा हेवा नाही. नियम लिहिला म्हणजे उघडण्याची वाट खुली झाली, एवढेच आम्ही दाखवून देत आहोत.

जत्रेच्या बाजारासाठी अशी स्वतंत्र नियमावली आमच्या पाहण्यात आली नाही. सरकारच्या लेखी जत्रा म्हणजे धार्मिक गर्दी, आणि धार्मिक गर्दीला मनाई. वास्तविक जत्रेत दोन गोष्टी असतात, देवाचा विधी आणि बाजार. विधी मानकऱ्यांनी करावा आणि बाजार वेगळ्या मैदानावर, वेगळ्या दिवशी, पाले लांब लांब ठोकून भरवावा, हे अशक्य नव्हते. हा रोग बंद जागेतील कोंदट हवेत अधिक पसरतो, हे डॉक्टर लोक २०२० सालीच सांगू लागले होते. मग चार भिंतींतील सिनेमागृह निम्मे भरलेले चालते आणि उघड्या माळावरचे पाल चालत नाही, याचे उत्तर कोणते? उत्तर एकच. सिनेमागृहाच्या मालकांची संघटना मंत्रालयात जाऊन बसते. खाजेवाल्याची संघटना नाही.

याचा पुरावाही आहे. ८ जानेवारी २०२२ ला जो आदेश निघाला त्यात व्यायामशाळा आणि ब्युटी पार्लर बंद होती. दुसऱ्याच दिवशी आदेश सुधारला गेला आणि दोघांनाही निम्म्या क्षमतेने परवानगी मिळाली. एका दिवसात! आम्ही दोन हंगाम वाट पाहिली.

नोंद नाही तर मदत नाही

एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने फेरीवाल्यांना १,५०० रुपये जाहीर केले, ते नोंदणीकृत असलेल्यांना. केंद्राची स्वनिधी योजना जून २०२० मध्ये आली. १०,००० रुपयांचे कर्ज मिळत होते, पण ती योजना शहरांतील पथविक्रेत्यांसाठी होती. सावंतवाडीच्या मंगळवारच्या बाजारात ज्याची नोंद होती त्याला काही मिळण्याची आशा होती. गावच्या जत्रेत एका रात्रीची पावती फाडून बसणाऱ्याला कोणती आशा? ती पावतीही आपण सकाळी फेकून देतो.

मोठ्यांचेही नुकसान झाले, हे आम्ही नाकारीत नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिका बागेवर कर्जाचा डोंगर होता. २०२२ साली बँकांनी तडजोड केली, संगमनेरच्या मालपाणी समूहाने ती बाग घेतली आणि ती चालू राहिली. आमच्या पालावरील कर्जाची तडजोड कोण करणार? ठोक व्यापाऱ्याची उधारी आम्ही फेडली, काहींनी घरातील दागिने मोडून फेडली. ईदसाठी भरलेले तागे दोन वर्षे गोणीत राहिले. २०२१ ची ईद १४ मे रोजी झाली आणि दोनच दिवसांत तौक्ते वादळ आले. ज्यांच्या छपरांतून पाणी शिरले त्यांचा राहिलेला मालही गेला.

आमची स्वतःची जबाबदारी

आता थोडे कडू बोलतो. आपल्यातील अनेकांनी मुखपट्टी हनुवटीवर ठेवली, गिऱ्हाइकांची गर्दी झाली की अंतर विसरलो, आणि कोणी टोकले तर तवक्कुलचे नाव पुढे केले. हे दीन नाही. साथ असलेल्या भूमीत जाऊ नये आणि तेथून बाहेरही पडू नये, ही रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण आहे. हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असता तेथे ताऊनची साथ असल्याचे कळताच वाटेवरून परत फिरले. खलिफा माघारी फिरू शकतो, तर आम्हाला पाल दहा हात सरकविण्यात कसला कमीपणा? आणि २०२० च्या रमजानमध्ये याच मिल्लतने ईदची खरेदी स्वतःहून टाळली होती, हेही विसरू नये. त्यात आमचा धंदा बुडाला, तरी आम्हाला त्याचा अभिमान वाटतो.

मात्र नियम गर्दीला असावा, माणसाच्या नावाला नसावा. तबलीगचे निमित्त करून २०२० च्या एप्रिलमध्ये ठिकठिकाणी मुस्लिम भाजीवाल्यांना हाकलले गेले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे म्हटले. निकाल लागला, पण हाकललेल्या भाजीवाल्याचा माल तोवर कुजून गेला होता. ज्या कुणकेश्वराचे देऊळ वादळातून वाचलेल्या एका मुसलमान व्यापाऱ्याने नवस फेडण्यासाठी बांधले, अशी दंतकथा गावकरी आजही सांगतात, त्या किनाऱ्यावर असा भेद शोभणारा नाही.

काय करावे?

आमच्या सूचना चार आहेत. पहिली, जत्रेत पाल लावणाऱ्या प्रत्येकाने ग्रामपंचायतीची पावती जपून ठेवावी. तीन वर्षांच्या पावत्या म्हणजे धंद्याचा पुरावा. दुसरी, तालुकावार जत्रा-व्यापाऱ्यांची संघटना उभी करावी. त्यात खाजेवाला, बांगडीवाला, पाळणेवाला, हिंदू असो वा मुसलमान, सर्व असावेत. पोट सर्वांचे एकाच रात्री भरते किंवा उपाशी राहते. तिसरी, जत्रेच्या बाजारासाठी नियमावली आपणच लिहून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी. किती जागेत किती पाले, दोन पालांत किती अंतर, बाजार एका रात्रीऐवजी तीन दिवस कसा पसरावा, हात धुण्याचे पाणी कोणी ठेवावे, हे आपल्याइतके कोणत्या साहेबाला ठाऊक आहे? चौथी, बाजार बंद करायचा तर निदान आठ दिवस आधी सांगावे, अशी मागणी करावी. एकदा आम्ही टेम्पोभर माल घेऊन एका गावी पोहोचलो, पाल ठोकले आणि दुपारी उठण्याचा हुकूम आला. भाडे गेले, दिवस गेला. बिचाऱ्या मिठाईवाल्याचा तर मालच गेला.

रोगाची भीती असते तेव्हा सरकारला घाईत निर्णय घ्यावे लागतात. त्या घाईत ज्याचा कागद टेबलावर असतो त्याचाच विचार होतो. आपला कागद आज, साथ नसताना, तयार करू या. अल्लाह सर्वांना रोगापासून आफियत देवो आणि हलाल रोजीचे दरवाजे खुले ठेवो. आमीन.

— एक कापड व्यापारी, आरोंदा