खाचेतल्या मोटारींची शर्यत

काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्याने घरातला बंद पडलेला टेपरेकॉर्डर उघडला, आतली मोटर काढली आणि तिला चाके जोडत बसला. आम्ही कचेरीतून दमून आलो होतो. ‘अभ्यास सोडून भंगार काय चिवडतोस?’ म्हणत धपाटा घातला. पोराने पुन्हा पेचकस हाती धरला नाही.

हे आठवायचे कारण, यंदा मे महिन्याच्या सुटीत सुरतेचे मेहुणे नंदुरबारला आले. येताना मुलांसाठी वापरलेला खेळ घेऊन आले. काळ्या पट्ट्या एकमेकींत अडकवल्या की रस्ता तयार. रस्त्यात दोन खाचा आणि प्रत्येक खाचेच्या दोन्ही अंगांना धातूची पट्टी. गाडीच्या पोटाखालची खुंटी खाचेत बसते, तारेचे दोन झुबके पट्ट्यांना टेकतात आणि मोटरला वीज मिळते. हातातला खटका जितका दाबाल तितका वेग.

इंग्लंडातल्या फ्रेड फ्रान्सिस यांनी 1957 साली ‘स्केलेक्स्ट्रिक’ नावाने असा खेळ बाजारात आणला. त्याआधी ते चावीच्या गाड्या बनवीत. या गाड्या बहुधा खऱ्या मोटारीच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढ्या असतात.

गाडीला सुकाणू नाही, मग यात कौशल्य कसले? वळणाआधी खटका सैल करण्याचे! जो सोडत नाही त्याची गाडी खाचेतून उडून थेट पलंगाखाली जाते. म्हणून नवशिक्याने साध्या लंबगोल रस्त्यापासून सुरुवात करावी. आधी दहा फेऱ्या गाडी न पाडता पूर्ण कराव्यात, वेगाचे नंतर पाहावे.

रस्ता जमिनीवर न मांडता फळीवर मांडावा. नाहीतर धूळ आणि केस आसात अडकतात. पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात, झुबके बोटांनी पसरावेत, आसाला शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब द्यावा. आणि बजावून सांगतो, संचासोबतचाच कमी व्होल्टचा अडॅप्टर वापरावा. घरातल्या 230 व्होल्टच्या बोर्डात उघड्या तारा कधीही खुपसू नयेत.

नवा चांगला संच हजारो रुपयांना पडतो. एकट्याला परवडत नसेल तर चार घरांनी मिळून घ्यावा. सुताराकडून प्लायवूडवर सुमारे 3 मिलिमीटर रुंदीच्या खाचा पाडून, कडेला तांब्याची चिकटपट्टी लावूनही रस्ता होतो. गाडी, खटके आणि अडॅप्टर मात्र विकतचेच बरे.

आमच्या ओटीवर गल्लीतली पोरे जमू लागली. मोठी मुले आतली खाच धरून बसत, मुलींच्या वाट्याला बाहेरची येई आणि त्या हरत. आम्हीही म्हणालो, ‘सराव करा.’ एक दिवस शेजारची सहावीतली मुलगी म्हणाली, ‘काका, बाहेरचा रस्ताच लांब आहे ना?’

दोरा घेऊन दोन्ही खाचा मोजल्या. दोन खाचांत अंतर 8 सेंटिमीटर, पण फेरीमागे बाहेरच्या गाडीला सुमारे 50 सेंटिमीटर जास्त धावावे लागत होते. म्हणजे दहा फेऱ्यांत 5 मीटर! बी.कॉम. झालेल्या आमच्या ध्यानात जे आले नाही ते त्या पोरीने नुसत्या नजरेने हेरले. त्याच दिवशी नियम केला, पाच फेऱ्या आत, पाच बाहेर. जाणकार खेळाडूही खाचा अशाच बदलून घेतात. पुढची शर्यत तिने जिंकली.

पालकांनो, पोर हरले की ‘सराव कर’ म्हणण्याआधी एकदा दोरा घेऊन रस्ता मोजून पाहा.

मागच्या रविवारी एका गाडीचे झुबके झिजले. मुले हिरमुसली. धाकटा आता कॉलेजात आहे. तो दारातून बघत होता. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाला, ‘आबा, आपला पेचकस कुठे असतो?’

आम्ही काही न बोलता कपाटातून काढून त्याच्या हातात दिला.