सबक डोक्यात बसतो कसा?

"याच्या डोक्यात काही राहतच नाही," ही तक्रार पालकसभेत आम्ही दरवर्षी ऐकतो. डोक्यात 'राहणे' म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले तर घरातली बरीच ओरड थांबेल.

माणसाच्या मेंदूत सुमारे 8600 कोटी मज्जापेशी आहेत. त्या एकमेकींना बारीक जोडांमधून निरोप देतात. आलेला निरोप पकडण्याचे काम जोडावरची काही प्रथिने करतात. अल्लाहची कुदरत अशी, की ही प्रथिने एका जागी खिळलेली नसतात. 1999 साली अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूपेशींतील अशा एका प्रथिनाला हिरवी चमक जोडण्यात आली. पेशी शांत असताना ते बहुतेक शाखांच्या आतच होते. विजेचे स्पंद भराभर देताच अर्ध्या तासात ते जोडांकडे सरकले. म्हणजे जो जोड वापरात येतो, तिथे प्रथिने जातात आणि तो जोड मजबूत होतो.

झोपेतही ही हालचाल चालू असते. 2017 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले, की उंदीर झोपल्यावर हीच प्रथिने जोडांवरून काही प्रमाणात कमी होतात. दिवसभर ताणलेले जोड त्यामुळे पुन्हा नव्या शिकण्यासाठी तयार होतात, असे ते मानतात.

उंदरांवरच्या प्रयोगांवरून आपल्या मुलांचे वेळापत्रक ठरवता येत नाही, हे खरे. पण उजळणी आणि झोप यांचे मोल शिक्षकांना अनुभवाने ठाऊक आहेच. हिफ्ज करणारी मुले म्हणूनच रोज नव्या सबकाबरोबर सबकी आणि मंजिलही ऐकवतात. कुरआन पाठ असणाऱ्याला हदीसमध्ये बांधलेल्या उंटाच्या मालकाची उपमा दिली आहे: लक्ष ठेवले तर उंट राहतो, सोडले तर जातो.

तेव्हा अम्मी-अब्बांना आमची विनंती आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत मुलाला जागवू नका. तोच धडा चार दिवस थोडा थोडा म्हणून घ्या, इशानंतर वेळेवर झोपू द्या. आणि 'मठ्ठ' हा शब्द घरातून काढून टाका. धडा एकदा वाचून विसरला, तर मूल मठ्ठ ठरत नाही. तो जोड अजून पुरेसा वापरला गेलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.