घोळ : तण की भाजी?

खुरपणीत उपटलेली घोळ बांधावर टाकून देण्याची रीत सर्वत्र आढळते. ही रीत दुहेरी नुकसानीची आहे. घोळीची मांसल खोडे पाणी धरून ठेवतात. त्यामुळे उपटलेले रोप लवकर मरत नाही. ओल मिळताच खोडाचे तुकडे पुन्हा मूळ धरतात व पडल्या जागीही बी पक्व होते. हे बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. म्हणजे शेतातील तण कमी होत नाही आणि घरची भाजी मात्र वाया जाते. फुलण्यापूर्वी कोवळी घोळ खुडून घरी नेणे, हाच तिच्या बंदोबस्ताचा उत्तम मार्ग होय.

लिनियसने १७५३ साली या वनस्पतीचे जे शास्त्रीय नाव रूढ केले, त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘भाजीची’ असा आहे. मेक्सिकोत ती आजही बाजारात विकली जाते. पानांत ओमेगा-३ वर्गातील स्निग्धाम्ल असते, हे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. उन्हाळ्यात पालेभाज्या महागतात, तेव्हा अल्प पाण्यावर वाढणाऱ्या या भाजीचे मोल विशेष आहे.

परसबागेत तिची लागवड सोपी आहे. निचऱ्याच्या जमिनीत वाफा करावा. बी अत्यंत बारीक असल्याने ते वाळूत मिसळून पसरावे. त्यास उगवणीसाठी उजेड लागतो, म्हणून वर मातीचा जाड थर देऊ नये. झारीने हलके पाणी द्यावे. सुमारे पाच-सहा आठवड्यांत भाजी तयार होते. बुडखा राखून कापल्यास पुन्हा फुटवे येतात. बी झडू देऊ नये.

काही दक्षता मात्र आवश्यक आहेत. तणनाशक फवारलेल्या शेतातील घोळ कदापि खाऊ नये. खोड मोडताच दुधासारखा चीक निघाला, तर ती घोळ नव्हे. घोळीत ऑक्झॅलेट बरेच असते. म्हणून मूतखड्याचा विकार असणाऱ्यांनी ती टाळावी. इतरांनी उकळून पाणी टाकून द्यावे. ताकातली भाजी करण्याची जुनी पद्धतही योग्यच आहे, कारण ताकातील कॅल्शियम ऑक्झॅलेटला बांधून ठेवते.

तणनाशकाच्या वाढत्या वापरामुळे मजूर कुटुंबांची ही विनामूल्य भाजी नाहीशी होत आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तणांची नावे सांगताना त्यांतील खाद्य कोणते, हेही शेतकरी बंधुभगिनींस अवश्य सांगावे.